हवी ती अक्षरं असलेले इंग्रजी शब्द कसे शोधायचे आणि त्यांचे अर्थ कसे लावायचे

‘क्यू असलेले पाच शब्द लिहून आणा’, ‘पीएचने सुरू होणारे दहा शब्द, अर्थासह’ असा गृहपाठ आला की बहुतेक घरांत फोन उचलला जातो. प्रश्न जसाच्या तसा सर्चमध्ये टाकायचा आणि पहिली सापडेल ती यादी मुलाला उतरवून घ्यायला लावायची. यादीत दोनशे शब्द असतात, त्यातले निम्मे बाईंनाही माहीत नसतात आणि अर्थ म्हणून समोर एकेक मराठी शब्द चिकटवलेला असतो. वही भरते, शब्द मात्र एकही डोक्यात राहत नाही. वर्डल (फोनवर पाच अक्षरी शब्द ओळखण्याचा खेळ), स्क्रॅबल (अक्षरांच्या सोंगट्यांपासून शब्द बनवण्याचा खेळ), वर्तमानपत्रातलं शब्दकोडं आणि स्पर्धा परीक्षेची तयारी, सगळीकडे हेच होतं.

पुढे दिलेली पद्धत यादी पाठ करण्याची नाही, तर यादी स्वतः तयार करण्याची आहे. या लेखात इंग्रजी शब्द देवनागरीतच दिले आहेत आणि जिथे स्पेलिंगला महत्त्व आहे तिथे अक्षरं सुटी करून लिहिली आहेत.

आधी प्रश्न ओळखा

‘ए, आर, टी असलेले शब्द’ हा एक प्रश्न नाही, ते चार प्रश्न आहेत. ही तीन अक्षरं याच क्रमाने सलग हवी असतील तर पार्टी, हार्ट, स्टार्ट हे शब्द चालतील. कुठेही, कोणत्याही क्रमाने चालत असतील तर वॉटर, ग्रेट आणि थिएटरही आत येतात. फक्त याच तीन अक्षरांतून शब्द बनवायचा असेल तर उरतात आर्ट, रॅट आणि टार, म्हणजे कला, उंदीर आणि डांबर. चौथा प्रकार जागेचा: दुसरं अक्षर ए, शेवटचं टी, असं. वर्डल आणि शब्दकोडी या प्रकारात मोडतात. स्क्रॅबल तिसऱ्या प्रकारातलं, तर शाळेचा गृहपाठ बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारातला असतो.

सोबत तीन गोष्टी विचारून घ्या. एकच अक्षर दोनदा वापरायला परवानगी आहे का? अनेकवचनं आणि भूतकाळाची रूपं चालतात का? विशेषनामं चालतात का? बहुतेक खेळांत विशेषनामं बाद असतात. अर्धे वाद इथेच मिटतात.

कान बंद, डोळे उघडे

मराठी माणसाची खरी अडचण निराळीच असते. आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते, त्यामुळे ‘एफ असलेले शब्द’ म्हटलं की आपण मनात ‘फ’ म्हणतो आणि फोटो, फिजिक्स, एलिफंट ओळीने आठवतात. या तिन्हींत एफ नाही, पी-एच आहे. ‘रफ’ आणि ‘कफ’ म्हणजे खोकला, यांत तर जी-एच आहे. ‘श’चा घोळ त्याहून मोठा. शुगरमध्ये तो एस आहे, नेशनमध्ये टी-आय, मिशनमध्ये डबल एस-आय, तर मशीनमध्ये सी-एच.

म्हणून शोधताना शब्द मनात म्हणू नका, लिहून पाहा. मग हीच अडचण कामाला येते. सी-एच असलेले शब्द गोळा करा आणि उच्चाराप्रमाणे तीन गटांत वाटा. ‘च’ उच्चाराचे चेअर, चाइल्ड, टीच हे रोजचे शब्द. ‘क’ उच्चाराचे केमिस्ट, कोरस, स्कूल, इको, अँकर हे ग्रीकमधून आलेले. ‘श’ उच्चाराचे शेफ, मशीन, पॅराशूट, ब्रोशर हे फ्रेंचमार्गे आलेले. उच्चारावरून शब्दाचं कूळ कळतं आणि कुळावरून अर्थाचा अंदाज येतो. अनोळखी शब्दात सी-एचचा ‘क’ झालेला दिसला की तो शास्त्र, वैद्यक, संगीत किंवा धर्म यांपैकी कशातला तरी असण्याची शक्यता बरीच असते.

दुर्मीळ अक्षर आधी पकडा

इंग्रजीत सर्वांत जास्त वापरलं जाणारं अक्षर ई, त्यामागोमाग टी, ए, ओ, आय, एन. मोर्स कोडमध्ये ईला फक्त एक टिंब दिलंय ते याच कारणाने. अल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने १९३०च्या दशकात जो खेळ बनवला आणि १९४८मध्ये ज्याला स्क्रॅबल हे नाव मिळालं, त्यातले गुणही अशाच मोजणीतून आले. वर्तमानपत्रांत कोणतं अक्षर किती वेळा येतं हे त्याने मोजून काढलं होतं. शंभर सोंगट्यांत ईच्या बारा आहेत, क्यू आणि झेडची एकेकच. या दोघांना दहा-दहा गुण, जे आणि एक्सला आठ, केला पाच.

आपल्यासाठी नियम सोपा: दिलेल्या अक्षरांपैकी जे सर्वांत दुर्मीळ, तिथून सुरुवात करायची. समजा, एक्स आणि वाय दोन्ही असलेले शब्द हवेत. वायपासून निघालात तर भटकाल, वाय हजारो शब्दांच्या शेवटी असतो. एक्सपासून निघा. एक्स-वायने संपणारे: गॅलक्सी, प्रॉक्सी, इपॉक्सी, ऑर्थोडॉक्सी. मग वाय दुसरीकडे असलेले: ऑक्सिजन, झायलोफोन. दोन मिनिटांत सहा शब्द झाले. प्रॉक्सीचा अर्थ दुसऱ्याच्या वतीने काम करणारा किंवा तसा अधिकार. कॉलेजात हजेरीला दिली जाते ती प्रॉक्सी हा त्याच अर्थाचा आपण केलेला विस्तार.

शेपटं बाजूला काढा

राज्य मंडळाच्या दहावीच्या इंग्रजी पेपरात पहिला प्रश्न भाषाभ्यासाचा असतो. त्यात एक मोठा शब्द देऊन त्याच्या अक्षरांपासून किमान तीन अक्षरी चार शब्द बनवायला सांगतात. मुलं अक्षरांकडे नुसती टक लावून बसतात. त्याऐवजी हे करा.

‘एज्युकेशन’ घ्या: ई, डी, यू, सी, ए, टी, आय, ओ, एन. नऊ अक्षरं, एकही दोनदा नाही. यातून आधी टी-आय-ओ-एन हे शेपूट बाजूला काढा. उरले ई, डी, यू, सी, ए. आता शेपटाच्या पुढे काय बसतं ते पाहा. ए-सी लावलं की ॲक्शन. ए-यू-सी लावलं की ऑक्शन, म्हणजे लिलाव. तीच तीन अक्षरं सी-ए-यू अशी लावली की कॉशन, म्हणजे सावधगिरी. आता ई-डी उरलेच आहेत, ते शेवटी जोडा: ऑक्शन्ड आणि कॉशन्ड, दोन्ही नऊ अक्षरी, म्हणजे सगळी अक्षरं संपली.

मग दुसरं शेपूट धरा, नुसतं ई-डी: ॲक्टेड, नोटिस्ड. शेवटी शेपटं सोडून छोटे शब्द: डान्स, कॅडेट, काउंट, इन्ड्यूस. इन्ड्यूस म्हणजे प्रवृत्त करणे, घडवून आणणे. ‘इंडिकेट’ मात्र चालणार नाही, कारण त्यात आय दोनदा लागतो आणि आपल्याकडे एकच आहे. पेपरात गुण जातात ते असल्या चुकांनी. शब्द लिहिला की दिलेल्या शब्दातलं एकेक अक्षर पेन्सिलने खोडून पाहायचं, दहा सेकंदांचं काम आहे.

त्याच प्रश्नात शब्दसाखळीही येते. आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराने पुढचा शब्द सुरू करायचा. तिथे गाडी अडते ती ई आणि वायवर, कारण इंग्रजी शब्द संपतात बऱ्याचदा तिथेच. नामांची साखळी असेल तर एलिफंट, एरर, इव्हनिंग आणि यार्ड, इयर, यूथ हे खिशात ठेवा. ईगल टाळा, तो पुन्हा ईवरच आणून सोडतो.

अवघड अक्षरांची खास ठिकाणं

क्यूनंतर यू येतो, हे शाळेत शिकवतात आणि ते बरोबरही आहे. पण यू नसलेले क्यूचे शब्द इंग्रजी कोशांत आहेत आणि त्यातले बरेच आपल्या कानावरचे आहेत. फकीर एफ-ए-क्यू-आय-आर असाही लिहितात. तलाकच्या शेवटी क्यू, बुरख्यात आर आणि एच्या मधे क्यू, नकाबमध्ये एन-आय नंतर क्यू, आणि काझी, कव्वाली यांची सुरुवातच क्यू-एने. अरबी-फारसीतला घशातून येणारा ‘क’ रोमन लिपीत दाखवायला क्यू वापरतात, म्हणून ही सगळी मंडळी एका रांगेत. स्क्रॅबल खेळणाऱ्यांचा लाडका शब्द मात्र चिनी: क्यू-आय, उच्चार ‘ची’, अर्थ शरीरातली प्राणशक्ती, दोन सोंगट्यांत अकरा गुण. क्यू-ए-टी हा येमेनकडे चघळला जाणारा एक उत्तेजक पाला.

यातला क्यू-ए-एन-ए-टी जरा जपून घ्या. ऐकायला आपली कनात वाटते, पण तंबूच्या कापडी भिंतीशी या इंग्रजी शब्दाचा अर्थ जुळत नाही. डोंगरपायथ्याचं भूजल उताराच्या भुयारी कालव्याने वस्तीपर्यंत आणण्याची इराणी पद्धत, म्हणजे हा कनात. जुन्या औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, मलिक अंबरच्या काळातली नहर-ए-अंबरी याच कुळातली. ओळखीचा आवाज आला म्हणून अर्थही ओळखीचाच असेल, असं धरून चालू नका.

यांपैकी काही शब्दांची स्पेलिंगं दोन-दोन आहेत. फकीर केनेही लिहितात आणि तेच रूप जास्त वापरात आहे. खेळात क्यू लावा, परीक्षेत प्रचलित रूप लिहा.

जेने संपणारे शब्द विचारले तर लोक गडबडतात. इंग्रजीचे स्वतःचे असे शब्द जवळजवळ नाहीतच. आय आणि जे ही शतकानुशतकं एकाच अक्षराची दोन रूपं मानली जात होती आणि शब्दाच्या शेवटचा ‘ज’ इंग्रजी जी-ई किंवा डी-जी-ई असा लिहिते: एज, ब्रिज, जज. त्यामुळे जेने संपणारे जे शब्द कोशात मिळतात ते बहुतेक बाहेरून आलेले: राज, ताज, हज, स्वराज. गंमत म्हणजे इंग्रजी कोशात ताजचा अर्थ मुकुट नाही, तर उंच निमुळती टोपी असा सापडतो आणि कॅपिटल अक्षराने लिहिलेला राज म्हणजे भारतातली ब्रिटिश सत्ता.

व्हीचंही तसंच. शेवटी व्ही आला की इंग्रजी त्याच्यामागे ई लावते: गिव्ह, हॅव, लव्ह, सर्व्ह. उघड्या व्हीचे रेव्ह, स्पिव्ह असे मोजके शब्द आहेत. स्पिव्ह म्हणजे ब्रिटिश बोलीत चोरटा माल विकून झकपक राहणारा माणूस.

जोडअक्षरांसाठी एक युक्ती आहे. डबल एच, डबल के, डबल डब्ल्यू अशा विचित्र जोड्या हव्या असतील तर जोडशब्द आठवा, कारण या जोड्या बहुधा सांध्यावर तयार होतात. विथ आणि होल्ड मिळून विथहोल्ड, रोखून ठेवणे. पगारातून टीडीएस कापतात तेव्हा हेच क्रियापद वापरतात. हिच आणि हाइक मिळून हिचहाइक. ग्लो आणि वर्म मिळून ग्लोवर्म. बुककीपरमध्ये तर ओ-ओ, के-के, ई-ई अशा तीन जोड्या लागोपाठ येतात. स्वरांच्या जोड्यांपैकी डबल यूसाठी व्हॅक्यूम आणि कंटिन्युअम, डबल आयसाठी स्कीइंग आणि रेडिअसचं अनेकवचन रेडिआय, डबल एसाठी आर्डव्हार्क आणि आपला बझार.

ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही नसलेले शब्द मागितले तर वायकडे वळा, तो स्वराचं काम करतो. रिदम, मिथ, क्रिप्ट, लिंक्स. ट्रिस्ट म्हणजे ठरवून केलेली भेट, विशेषतः प्रेमिकांची. १४ ऑगस्ट १९४७च्या रात्रीच्या पंडित नेहरूंच्या भाषणामुळे हा शब्द भारतात घरोघरी पोचला. एस-वाय-झेड-वाय-जी-वाय हा सिझिजी वाचायला भयंकर, पण अर्थ सरळ: सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येणे, म्हणजे अमावास्या किंवा पौर्णिमा. वायसुद्धा नको असेल तर सी-डब्ल्यू-एम, उच्चार ‘कूम’. वेल्श भाषेत याचा अर्थ दरी, आणि एव्हरेस्टच्या वाटेवरच्या हिमदरीला वेस्टर्न कूम हे नाव १९२१मध्ये जॉर्ज मॅलरीने दिलं.

उलट पाचही स्वर हवे असतील तर एज्युकेशन, इक्वेशन, कॉलिफ्लॉवर आणि सात अक्षरांतला सिकोया. पाचही स्वर ए-ई-आय-ओ-यू याच क्रमाने येणारे फसिशस आणि ॲबस्टिमिअस. पहिल्याचा अर्थ नको तिथे थट्टा करणारा, दुसऱ्याचा खाण्यापिण्यात संयमी.

यंत्राला कसं विचारायचं

डोकं चालवून झालं की मगच यंत्र. वनलुक हे संकेतस्थळ मला यासाठी सर्वांत उपयोगी वाटतं. रोमन कळफलकावर अक्षरं टाइप करायची आणि माहीत नसलेल्या जागी चिन्हं. प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतंही एक अक्षर. तारका म्हणजे कितीही अक्षरं, शून्यसुद्धा. पी-एच आणि पुढे तारका दिली की पीएचने सुरू होणारे शब्द. दोन्ही बाजूंना तारका दिल्या की पीएच कुठेही असलेले. प्रश्नचिन्ह, आर, ए, प्रश्नचिन्ह, ई असं लिहिलं की त्या साच्यातले पाच अक्षरी शब्द. ॲट-चिन्ह स्वरासाठी, हॅश-चिन्ह व्यंजनासाठी. अक्षरांआधी दोन तिरक्या रेघा दिल्या तर ती अक्षरं उलटसुलट लावून शब्द शोधले जातात.

खरी सोय पुढे आहे. साच्यानंतर विसर्गासारखी दोन टिंबं देऊन अर्थ लिहिता येतो. बी-एल, तारका, दोन टिंबं आणि बर्फासाठीचा इंग्रजी शब्द लिहिला की बी-एलने सुरू होणारे आणि बर्फाशी संबंध असलेले शब्द येतात; ब्लिझर्ड, म्हणजे हिमवादळ, त्यातलाच. शब्दकोड्यासाठी यापेक्षा वेगळं काही लागत नाही.

वर्गासाठी स्वतःची यादी हवी असेल तर साधी स्प्रेडशीट पुरते. शब्द एका स्तंभात चिकटवा, फिल्टरमध्ये ‘कंटेन्स’ निवडा आणि अक्षरं द्या. तारका आणि प्रश्नचिन्ह इथेही चालतात. दोन वेगवेगळी अक्षरं कुठेही हवी असतील तर ‘अँड’ने दुसरी अट जोडा. मोठमोठ्या तयार याद्या घेताना एवढं लक्षात ठेवा की स्क्रॅबलच्या याद्या खेळासाठी बनतात. शब्द मान्य की अमान्य एवढंच त्या सांगतात.

वर्डलचा एक सापळा

जॉश वॉर्डलने २०२१मध्ये लोकांसाठी खुला केलेला हा खेळ जानेवारी २०२२मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. पाच अक्षरांचा शब्द, सहा प्रयत्न; अक्षर योग्य जागी बसलं की ते हिरवं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या डावातच आय-जी-एच-टी ही शेवटची चार अक्षरं हिरवी झाली की माणूस खूश होतो, आणि फसतो तो इथेच. लाइट, नाइट, राइट, साइट, फाइट, माइट, टाइट, एट, सगळे बसतात. एकेक टाकत गेलात तर प्रयत्न संपतील. त्याऐवजी एक डाव मुद्दाम सोडा आणि ‘फिल्म्स’ टाका: एफ, आय, एल, एम, एस. एका फटक्यात फाइट, लाइट, माइट, साइट या चारांचा निकाल लागतो. आय सोडून काहीच रंगलं नाही तरी चार नावं कटली. हार्ड मोडमध्ये मात्र ही सोय नाही, तिथे मिळालेली अक्षरं पुन्हा वापरावीच लागतात.

याच साच्यात बी-आय-जी-एच-टी असाही शब्द आहे, उच्चार चावण्यासारखा, पण अर्थ किनाऱ्याचा रुंद, उथळ बाक. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरचा ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइट तो हाच.

अर्थ लिहिताना

शब्द सापडला की काम निम्मं झालं. भाषांतराचं ॲप एक प्रतिशब्द देतं आणि मुलं तोच उतरवतात. ‘सँक्शन’ घ्या, टी-आय-ओ-एनच्या शेपटाचा. ॲप ‘मंजुरी’ म्हणेल, बँकेचं कर्ज सँक्शन झालं त्या अर्थी. पण बातमीत एका देशाने दुसऱ्यावर सँक्शन्स लावले असं येतं तेव्हा अर्थ बरोबर उलटा, निर्बंध. एकच प्रतिशब्द लिहिलेल्या मुलाला ती बातमी कधीच कळणार नाही.

म्हणून वहीत प्रत्येक शब्दाला एक आडवी ओळ द्या आणि त्यात पाच गोष्टी लिहा: स्पेलिंग, देवनागरीत उच्चार, नाम की क्रियापद, मराठी अर्थ (दोन असतील तर दोन्ही) आणि स्वतः बनवलेलं छोटं वाक्य. वाक्य कोशातून उतरवायचं नाही, घरातलं हवं. इंग्रजी अर्थासाठी शिकाऊ विद्यार्थ्यांचे कोश बरे, कारण त्यांची व्याख्या सोप्या शब्दांत असते. शास्त्रातल्या किंवा कायद्यातल्या शब्दांना भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहा. मोल्सवर्थचा १८५७ सालच्या आवृत्तीचा कोश मराठीकडून इंग्रजीकडे जातो, तोही इंटरनेटवर शोधता येतो. मराठी अर्थ बरोबर बसतो का हे उलट दिशेने तपासायला तो अजूनही कामाला येतो.

जमेल तिथे व्युत्पत्तीचा रकानाही वाढवा. डबल ओ असलेले प्राणी शोधताना बबून, रकून, कांगारू यांच्यासोबत मंगूज येतो, आणि कोशात त्याच्यापुढे मूळ भाषा म्हणून मराठी लिहिलेलं असतं: आपला मुंगूस. गूजचं अनेकवचन गीस होतं म्हणून मंगूजचं मंगीस करू नका. इथला गूज म्हणजे हंस नव्हे, त्यामुळे शेवटी साधा एस लावून मंगूजेस.

अक्षरं मोजायची असतील तर स्पेलिंग ब्रिटिश की अमेरिकन हे आधी ठरवा. आपल्या पाठ्यपुस्तकात कलर सहा अक्षरी, अमेरिकेत यू गळून पाच अक्षरी. वर्डल अमेरिकन रूप धरतं. फायबरमध्ये दोन्हीकडे पाचच अक्षरं, पण शेवटची दोन उलट: ब्रिटिश आर-ई, अमेरिकन ई-आर. शाळेची वही आणि फोनवरचा खेळ यांच्या याद्या म्हणून वेगळ्याच ठेवा.